रील व्हायरल झाली. बॅच भरली का?

'तुला ते इन्स्टाचं कळतं ना? मग आमच्या क्लासचं जरा बघ की!' हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? क्लासवाले सर, कॉलनीतल्या योगावाल्या काकू, मेंदी काढणारी ताई, जिममधला ट्रेनर दादा, नाहीतर सोसायटीच्या स्विमिंग पूलवरचे कोच. कुणीतरी एकदा तरी विचारलेलं असतंच. आपणही हौसेने पेज काढून देतो, दोन-चार रील टाकतो, एखादीला वीस हजार व्ह्यूज येतात आणि पार्टी मागून मोकळे होतो. महिनाभराने सर हळूच विचारतात, 'अरे, एवढ्या लोकांनी बघितलं म्हणतोस, पण नवीन अॅडमिशन तर एकही नाही!'

या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येतं, त्याला कॉलेज करता करता चार पैसे मिळवून देणारं काम हाताशी आहे. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, जुलैत भारतात इन्स्टा रील्स सुरू झाल्या. तेव्हापासून प्रत्येक छोट्या व्यावसायिकाला 'आपलंही काहीतरी दिसलं पाहिजे' असं वाटतंय. मोठ्या एजन्सीची फी त्यांना झेपत नाही आणि स्वतः करायला वेळ नसतो. मधली जागा तुमची आहे. फक्त ती नीट भरायला हवी.

सेवा विकणं वेगळं

कुर्ती विकायची असेल तर फोटो बघून नागपूरचा माणूसही ऑर्डर देऊ शकतो. पण डोंबिवलीतला गणिताचा क्लास नागपूरकराच्या काय कामाचा? क्लास, जिम, पार्लर, टू-व्हीलर सर्व्हिसिंग, फिजिओथेरपी या सगळ्यांचं गिऱ्हाईक दोन-चार किलोमीटरच्या आतलं. त्यामुळे वीस हजार व्ह्यूज देशभरातून आले, तर सरांच्या बॅचला त्याचा उपयोग शून्य. जवळच्या तीन शाळांमधल्या पाचशे पालकांनी बघितलं, तर तेच सोनं.

म्हणून मोजायचं काय, हे पहिल्याच दिवशी ठरवा. एका वहीत किंवा शीटमध्ये चार रकाने आखा: चौकशी किती आल्या, डेमोला किती आले, प्रवेश किती झाले आणि त्यांना आपल्याबद्दल कुठून कळलं. शेवटचा प्रश्न प्रत्येकाला तोंडी विचारायला सांगा. लाइक्सचा स्क्रीनशॉट दाखवण्यापेक्षा ही वही दाखवलीत, तर तुमच्या कामाची किंमत आपोआप कळेल.

रीलच्या आधी नकाशा

'जवळचा इंग्लिश स्पीकिंग क्लास' असं शोधणारा माणूस आज पैसे द्यायला तयार असतो. रील बघणारा बहुतेकदा टाइमपास करत असतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे गुगल बिझनेस प्रोफाइल. ते फुकट आहे. नाव, वेळ, फोन, खरे फोटो आणि नेमकी कोणती सेवा मिळते, हे सगळं भरा. 'क्लासेस' एवढंच न लिहिता 'आठवी ते दहावी, सेमी इंग्रजी, गणित-विज्ञान' असं लिहा. घरोघर जाऊन मेंदी काढणाऱ्या ताईला स्वतःच्या घराचा पत्ता लोकांना दाखवायचा नसेल, तर तो लपवून फक्त ती कोणत्या भागात जाते एवढं दाखवण्याची सोय तिथे आहे. ती जरूर वापरा.

रिव्ह्यू मागायला काहीच हरकत नाही. प्रोफाइलवर त्यासाठी लिंक मिळते. ती काम झाल्यावर पाठवा. मात्र 'पाच स्टार द्या, फीमध्ये सूट घ्या' हे गुगलच्या नियमात बसत नाही. आणि मित्रांच्या ग्रुपवर 'सगळ्यांनी रिव्ह्यू टाका रे' म्हणून धाडलेला मेसेज तर अजिबात नको. एकाच दिवशी आलेले पंधरा 'सुपर्ब' वाचून पालक काय ते समजतात.

दुसरं काम व्हॉट्सअॅप बिझनेस. चौकशी आली की आपोआप जाणारा नमस्काराचा मेसेज, नेहमीच्या प्रश्नांसाठी तयार उत्तरं, 'नवीन', 'डेमो झाला', 'फी बाकी' अशी लेबल्स, एवढं लावून दिलंत तरी सरांचा रोजचा तासभर वाचेल. एक लक्षात ठेवा, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पहिल्याच संवादात 'नंबर सेव्ह करा, वेळापत्रक पाठवतो' असं म्हणायला विसरू नका.

टाकायचं काय?

ट्रेंडिंग गाण्यावर सरांना नाचवायची गरज नाही! शिवाय बिझनेस अकाउंटवरून हिट सिनेमाचं गाणं जाहिरातीसाठी वापरणं हा कॉपीराइटचा प्रश्न आहे. बरीचशी गाणी तिथे दिसतच नाहीत, ती त्यामुळेच. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं मोफत संगीत घ्या, नाहीतर सरळ सरांचा आवाज ठेवा. शिकवणाऱ्याच्या आवाजापेक्षा मोठी जाहिरात कोणती?

विषय सुचत नसतील तर व्यावसायिकाला एकच विचारा, 'लोक तुम्हाला सारखं काय विचारतात?' पोहण्याच्या कोचना आईवडील विचारतात, 'मूल पाण्याला घाबरतं, काय करू?' टू-व्हीलरवाल्या दादाला विचारतात, 'ब्रेक करकर का वाजतो?' मेंदीवालीला विचारतात, 'रंग गडद यायला काय करायचं?' एक प्रश्न, एक उत्तर, चाळीस सेकंद. असे दहा प्रश्न म्हणजे महिन्याभराची बेगमी. मराठीत, आपल्या गावच्या बोलीत बोललात तर उत्तमच.

आणि वेळ सांभाळा. पोहण्याचा सीझन एप्रिल-मे, क्लासचा निकालानंतर, तर मेंदी आणि मेकअपचा तुळशीचं लग्न लागल्यावर. पोस्ट सीझन सुरू होण्याच्या महिनाभर आधी पडायला हव्यात. लग्नाच्या आदल्या दिवशी कुणी मेंदीवाली शोधत नाही.

पैसे टाकून जाहिरात करायची असेल तर थोडक्यात करा. आपल्या भागापुरतं वर्तुळ आखा आणि उद्दिष्ट 'मेसेज येणं' ठेवा. समजा हजार रुपयांत वीस मेसेज आले, पाच जण डेमोला आले आणि दोघांनी प्रवेश घेतला. म्हणजे एक प्रवेश पाचशे रुपयांना पडला. क्लासची फी सहा हजार असेल तर हा सौदा फायद्याचा. तीनशे रुपयांचं वर्कशॉप असेल तर तोट्याचा. हे गणित तुम्ही मांडून दाखवलंत की 'बूस्ट करू का?' हा प्रश्नच उरत नाही.

इथे थांबायचं

आता खरी कसोटी. सर म्हणतात, 'मागच्या वर्षीच्या त्या टॉपरचा फोटो टाक. आपल्याकडे आठ दिवस टेस्ट सिरीजला आला होता.' टाकायचा?

नाही. असे फ्लेक्स बघूनच तुम्हीही कधीतरी क्लास निवडलाय, घरच्यांनी फी भरलीय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आणली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा व्हिडिओ वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. त्याने नेमका कोणता कोर्स केला, किती काळ केला, पैसे भरून की फुकट, हेही स्पष्ट लिहायला हवं. 'शंभर टक्के निवड', 'हमखास रँक' ही भाषा चालत नाही. 'फक्त दोनच जागा शिल्लक' असं खोटं सांगून घाई करायला लावणंही नाही.

ही तत्त्वं पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. खेळ आणि नृत्याचे वर्ग त्यात येत नाहीत. पण म्हणून छोट्यांना रान मोकळं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सगळ्यांनाच लागू आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्ही स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहून पैसे घेऊन 'हा क्लास भारी' म्हणत असाल, तर ती जाहिरात आहे हेही सांगावं लागतं. ट्रेनरच्या 'आधी-नंतर' फोटोंनाही हाच न्याय: माणूस खरा हवा आणि त्याची परवानगी हवी. लहान मुलांचे चेहरे तर पालकांना विचारल्याशिवाय नकोतच.

सरांना 'नाही' म्हणणं जड जातं, मान्य. मग पर्याय घेऊन जा. 'सर, टॉपरऐवजी गणितात पस्तीसवरून अठ्ठावन्नवर गेलेल्या त्या मुलीला विचारू या का? तिच्या घरचे हो म्हणाले तर?' पालकांना हा आकडा जास्त आपला वाटतो, कारण बहुतेकांच्या घरात टॉपर नसतो.

तुमचं काय?

'ओळखीतलंच आहे' म्हणून फुकट राबू नका. आठवड्याला दोन रील, चार स्टोरी, रिव्ह्यूंना उत्तरं आणि महिन्याचा हिशोब, असं काम मोजून सांगा आणि त्याचे पैसे ठरवा. हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून 'ठीक आहे' असं उत्तर घ्या. अकाउंट त्यांच्याच नंबरवर आणि ईमेलवर काढा. परीक्षेच्या काळात तुम्ही काम सोडलंत तर पासवर्डसाठी त्यांनी तुमच्यामागे धावू नये, आणि उद्या काही बिघडलं तर बोट तुमच्याकडे दाखवलं जाऊ नये. सेमिस्टरच्या तारखाही आधीच सांगून ठेवा.

सुरुवात एकाच व्यवसायापासून करा, तीन महिने करा. त्या तीन महिन्यांची वही, म्हणजे किती चौकशा, किती प्रवेश, किती खर्च, हीच तुमची पुढच्या इंटर्नशिपची फाइल. मुलाखतीत 'मी सोशल मीडिया हँडल केलंय' असं सांगणारे ढीगभर असतात. 'जूनच्या बॅचला अकरा प्रवेश आले, त्यातले सहा मॅपवरून आले' असं सांगणारा एखादाच भेटतो. तो तुम्ही का असू नये?