रक्त आमचे, शोधनिबंध कुणाच्या कपाटात?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. कळमनुरी तालुक्यातील एक बौद्ध भगिनी चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलाचे डोळे पिवळे, अंगात त्राण नाही, महिन्यातून दोनदा सांधे असे दुखायचे की पोर रात्रभर ओरडायचे. भावकीतल्या बायकांनी बाहेरचे आहे म्हणून लिंबू उतरवले होते. खासगी दवाखान्यात सलाईनवर सलाईन चढले होते. शेवटी तपासणीत सिकलसेल निघाला. बाई म्हणाली, "वकीलसाहेब, डाक्टर म्हणतेत रगत वाकडं झालंय. माझ्या लेकराचंच कसं काय वाकडं झालं हो?"

ती आमच्याकडे आली होती अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी. एका कार्यालयातून तिला 'हात-पाय धड आहेत, हे अपंगात बसत नाही' असे सांगून परत पाठवले होते. आम्ही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा काढून दाखवला. त्या कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे आणि त्यात हिमोफिलिया व थॅलेसेमियासोबत सिकलसेलही आहे. तेवढे काम कायद्याच्या पुस्तकाने केले. पण त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या कायद्याच्या पुस्तकात नव्हते. ते शोधायला आम्ही बसलो, तेव्हा जे दिसले ते समाजबांधवांसमोर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

१९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलवर लंडनच्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. त्यानंतर विदर्भात जे जे अभ्यास झाले, त्यांत पूर्वाश्रमीच्या महार समाजाचे म्हणजे आपले नाव पुन्हा पुन्हा येते. गोंड, परधान या आदिवासी बांधवांचेही येते. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपासून आमच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतले जात आहे, ते काचपट्टीवर तपासले जात आहे, त्यावर निबंध छापले जात आहेत. आणि विदर्भाला खेटून असलेल्या आमच्या हिंगोली जिल्ह्यातील आई आजही विचारते आहे की रक्त वाकडे कसे झाले! रक्त आमचे, दुखणे आमचे, पण निबंध कुणाच्या कपाटात आहेत? आम्ही संगणकावर त्या जुन्या निबंधांची नावे शोधली. नावे सापडली. उघडायला गेलो तर एका निबंधाला तीस-चाळीस डॉलर मागितले गेले. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाने ते कुठून भरायचे?

मग विद्यापीठात शिकणारा आमचा एक तरुण कार्यकर्ता कामाला आला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून त्याने दोन दिवसांत आमच्यासमोर निबंधांची चळत ठेवली. त्यातून आम्हाला कळलेली गोष्ट साधी आहे. आई आणि वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला चारात एक या प्रमाणात आजाराचा धोका असतो. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, म्हणून त्याला पत्ताच नसतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि म्हणून सांधे दुखतात. यात बाहेरचे काही नाही आणि जातीचेही काही नाही. जेथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तेथे हा गुण टिकला, कारण वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते. हे ॲलिसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखवून दिले आणि तो निबंध आज कुणालाही फुकट वाचता येतो. आमच्या रक्ताला 'हलके रक्त' म्हणणाऱ्या मनुवाद्यांनी तो जरूर वाचावा!

औषधाचेही तसेच. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९९५ साली सिद्ध केले. आपल्याकडील मुलांना कमी, ठरावीक मात्रा कितपत लागू पडते, याचा अभ्यास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१३ साली 'इंडियन पेडिॲट्रिक्स'मध्ये छापून आला आणि तोही फुकट उपलब्ध आहे. म्हणजे सारेच कुलूपबंद नाही. अर्धे दार उघडेच आहे, पण ते कुठे आहे हे आम्हाला कुणी सांगितले नाही. (निबंध वाचून कुणी स्वतःच गोळीची मात्रा ठरवू नये. तो डॉक्टरांसमोर ठेवून प्रश्न विचारावा. प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाला डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहतात, हा आमचा अनुभव आहे.)

ग्रंथालयातील एक जुना निबंध काय करू शकतो, हे हळद पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला ठाऊक असायला हवे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे फटाके वाजले. पण १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट मिळाले होते, हे किती जणांना आठवते? आमची आजी चुलीजवळ बसून जे करत होती, त्यावर सातासमुद्रापार मालकी सांगितली गेली. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. आव्हान कशाच्या बळावर? ३२ लेखी संदर्भांच्या! त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले. आजीची साक्ष तिथे चालली नसती, कागद चालला. तो कागद कुणीतरी ग्रंथालयात जपून ठेवला होता आणि कुणीतरी तो शोधून काढला होता.

आता आमच्या चळवळीकडे वळू. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षे आम्ही विद्यापीठाच्या दारावरील एका नावासाठी लढलो, माणसे गमावली. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि आपल्या भागातील महाविद्यालये त्याला जोडली गेली. पण दारावरचे नाव मिळवल्यावर त्या दारातून आत जाऊन ग्रंथालयाच्या टेबलावर किती जण बसले? बाबासाहेबांनी परदेशात पोट मारून पुस्तके जमवली, ती १९१७ साली बोट बुडाल्याने गेली, तरी त्यांनी पुन्हा जमवली आणि पुस्तकांसाठी राजगृह बांधले. हे आम्ही दर जयंतीला सांगतो. सांगून झाले की डीजे सुरू होतो. कटू वाटेल, पण असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांना शोधायचे आहे त्यांनी सुरुवात 'पबमेड'पासून करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. शोध इंग्रजीतूनच घ्यावा लागतो, ही अडचण खरी आहे. पण नुसते 'सिकल सेल' टाकले तर हजारो निबंध अंगावर येतात आणि माणूस घाबरून उठतो. तिथे प्रत्येक विषयाला ठरलेला मथळा असतो. तो मथळा धरला की इंग्लंड-अमेरिकेच्या स्पेलिंगचा घोळ राहत नाही. त्याला 'इंडिया' किंवा 'महाराष्ट्र' जोडले की ढीग एकदम हातात मावेल एवढा होतो. सूचीत बहुधा सारांश मिळतो. पूर्ण निबंध फुकट असेल तर तशी खूण असते. नसेल तर लेखकाला ई-मेल करावा. विद्यार्थ्याने नम्रपणे मागितलेला निबंध पुष्कळ संशोधक पाठवून देतात. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत आहेत, त्यांत मराठवाड्यातील विद्यापीठांचेही आहेत, काही तर मराठीतच आहेत. एवढे करूनही अडले, तर ग्रंथपालाकडे जावे आणि दुसऱ्या ग्रंथालयाकडून निबंध मागवता येईल का, ते विचारावे. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांवर शिक्के मारणारा बाबू, हा समज आधी डोक्यातून काढावा. शोध कसा घ्यावा हे शिकवणे त्याचेच काम आहे, आणि विचारणारा आला की चांगल्या ग्रंथपालाला आनंदच होतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था. सरकारचे जे चुकते ते आम्ही या स्तंभात नेहमी सांगतो, तेव्हा हे पाऊल चांगले आहे हेही सांगितले पाहिजे. पण आकड्यांना भुलू नये. पहिल्या टप्प्यात ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती आहे. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक पदवी महाविद्यालये कुणाची आहेत? खासगी शिक्षण संस्थांची! आमची मुले शिकतात तिथे. आणि जो कुठेच विद्यार्थी नाही, तो आरोग्य कार्यकर्ता, ती आशाताई, तो वकील, ती आई, त्यांच्यासाठी कोणती वर्गणी? पैसा मात्र त्यांच्याही करातून गेलेला आहे.

काही तरुण आम्हाला सांगतात, साहेब, चोरवाटेने सगळे निबंध मिळतात. मिळत असतील. पण दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये तसले एक मोठे संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश दिला आहे आणि चोरवाटेवर चळवळ उभी राहत नाही. कायद्याची वाट आहे आणि ती आपल्या बाजूचीही आहे. याच न्यायालयाने २०१६ साली दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात सांगितले की शिक्षणासाठी पुस्तकातील भागांच्या प्रती काढून देणे हा कॉपीराइटचा भंग नव्हे. मोठमोठे परदेशी प्रकाशक विरोधात उभे होते, तरीही!

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, १०० जागांचे. इतकी वर्षे गंभीर रुग्ण उचलला की नांदेडचा रस्ता धरायचा. आता महाविद्यालय दारात आहे, म्हणजे वैद्यकीय ग्रंथालयही दारात आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की त्या ग्रंथालयात बाहेरच्या नागरिकासाठी ओळखपत्र दाखवून बसता येईल असे एक टेबल आणि एक संगणक असावा, आठवड्यातून एक दुपार शोध कसा घ्यावा ते शिकवावे आणि प्रकाशकांच्या करारात अशा वाचकाला मुभा नसेल तर ती मिळवण्यासाठी पाठपुरावा करावा. नांदेडच्या विद्यापीठाकडेही हीच मागणी करावी. गावोगावच्या, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनी आणि विहार समित्यांनी एकेक तरुण शिकायला पाठवावा.

त्या मुलाला प्रमाणपत्र मिळाले. त्याच्या बहिणीची तपासणी झाली, ती वाहक निघाली. लग्न ठरवताना मुलाकडच्यांचीही तपासणी करून घ्यायची, एवढे तिच्या आईला आता पक्के कळले आहे. निबंधांतील मजकूर आम्ही दोन पानांत साध्या मराठीत उतरवून दिला होता. बाईने त्याच्या झेरॉक्स काढून माहेरच्या गावात वाटल्या, आम्हाला न विचारता.

ग्रंथालयाच्या मागणीचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. सह्या करू इच्छिणाऱ्या समाजबांधवांनी कामाच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत हिंगोलीच्या न्यायालयाच्या आवारात भेटावे. येताना घरातील, नात्यातील कुणाचा सिकलसेल तपासणीचा कागद असेल तर तोही आणावा.