टायर घासतो कुठे?

सरळ चाकांनी उभ्या गाडीचा टायर कधीच घासत नाही. नवे टायर चढवून जिम्नी जॅकवरून खाली आली, चाक आणि मडगार्डमध्ये चांगली चार बोटं जागा दिसत होती, म्हणून मी फोटो काढायला लागलो. मिस्त्री म्हणाले, "फोटो नंतर, साहेब. आधी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे मारा." मारलं. अगदी शेवटी पुढून खर्रर्र झालं, खोबरं खवताना होतं तसं.

हिशेब मी घरून करून आलो होतो. जिम्नीला कंपनीचे टायर येतात 195/80 आर 15. रुंदी 195 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या 80 टक्के म्हणजे 156, आणि रिम 15 इंच, म्हणजे 381. दोन्ही भिंती धरून व्यास 693 मिमी. मला हवे होते 235/75, म्हणजे 733.5. व्यास 40 मिमीने वाढला तरी अॅक्सलखालची जागा त्याच्या निम्मीच वाढते, 20 मिमी. मावळातल्या ओढ्यात डिफरन्शियलचा गोळा दगडाला टेकतो तेव्हा तेवढेही पुष्कळ वाटतात. रुंदीही 40 मिमीने वाढणार होती, तिचा विचार मात्र मी केलाच नव्हता. मूळ रिम साडेपाच इंच रुंदीची, 235 ला किमान सहा इंची लागते. म्हणून रिम बदलली, तिच्याबरोबर ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते तो हिशेब, बदलला आणि चाक थोडं बाहेर आलं.

बाहेर आलेलं चाक आतल्या आर्मला घासत नाही, म्हणून पुष्कळ जण चाक बाहेर ढकलणारे स्पेसर टाकून मोकळे होतात. पण दार उघडताना बघा: बिजागरीकडची कड जेमतेम हलते, कडीकडची कड हातभर जागा घेते. तसंच चाक स्टिअरिंगच्या बिजागरीपासून जितकं लांब, तितकं वळताना मोठं वर्तुळ काढतं. आत वाचवलेली जागा बाहेर बंपरपाशी द्यावी लागते.

मिस्त्रींनी शाळेत वापरतात तो पांढरा खडू काढला आणि टायरच्या दोन्ही खांद्यांवर गोल फिरवत जाड थर दिला. मग गाडी सावकाश पुढे-मागे, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. खाली बसून पाहिलं तर बंपरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर बोटभर पांढरा पट्टा, आणि त्याच्याच समोर टायरवरचा खडू पुसलेला. डाव्या वळणावर डाव्या चाकाची पुढची कड बाहेर येते, ती इथे लागत होती. त्याच वेळी मागची कड आत जाते. तिथे टायर आणि अॅक्सल धरणारा रेडियस आर्म यांच्यात करंगळी कशीबशी शिरली.

"ही झाली सपाट जमीन," मिस्त्री म्हणाले. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. गाडी तिरकी झाली, पुढचं चाक मडगार्डात घुसलं. पुन्हा खडू, पुन्हा स्टिअरिंग. आता मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरच्या मागच्या बाजूला नवी रेघ उमटली. उलट बाजूचं चाक खाली लोंबकळत होतं. तिथे त्यांनी ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे हाताने चाचपलं. हे मी स्वतःहून कधीच पाहिलं नसतं.

मी विचारलं, लिफ्ट किट टाकली तर? ते हसले. लिफ्टने उभी गाडी उंच होते. खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की अॅक्सल बंप स्टॉपला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत चाक वर जातंच. बंप स्टॉप जुनाच असेल तर चाकही जुन्याच जागी पोचणार आणि तिथेच घासणार. बंप स्टॉप लांबवला तर घासणं थांबतं, पण सस्पेन्शनचा प्रवास कमी होतो. हा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही.

शेवटी कापलंच. बंपरवर मास्किंग टेप लावून रेघ आखली, हॅकसॉ ब्लेडने कोपरा उतरवला, कड कानशीने गुळगुळीत केली. लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबला. त्याआधी तो सोडवून मागे वायरिंग आहे का ते पाहिलं. कोपरा लागेल त्यापेक्षा बोटभर जास्तच कापला, कारण पावसाळ्यात तिथे चिखल आणि खडी अडकते आणि गॅरेजात मोकळी वाटलेली जागा भरून जाते.

आता स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी आधीच्यापेक्षा जवळजवळ 6 टक्के जोरात असते. चाकं जड झाली, पिकअप मंदावला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल कडक आहे, ते आधी वाचायला हवं होतं.

मेहुण्याने परवा तेच टायर घ्यायचे म्हणून फोन केला. मी त्याला 215/75 घ्यायला सांगितलं. व्यास फक्त 10 मिमीने वाढतो, पण मूळ रिमवर बसतात.