फी माफ, खोलीभाडे नाही
अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी असो की अकोल्याचे कृषी विद्यापीठ, मुलींनी प्रवेश ‘कॅप’ (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच घ्यावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे; आधी निम्मेच होते. व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा.

खोलीभाडे आणि मेसचा खर्च मात्र उरतोच, आणि कोरडवाहू कपाशी-सोयाबीनवर चालणारे घर तिथेच अडते. अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तो अवश्य मागा. तरीही कर्ज लागलेच, तर ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. बँकेत सातबारा पुढे करू नका.