हार्ड डिस्क ‘गेली’ म्हणण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यांची ऑफिसं, शहरातले छापखाने, जुन्या डीटीपीवाल्यांचे माळे इथे पिवळा पडलेला एखादा कॉम्प्युटर अजून सापडतो. त्यात डॉसवरच्या टॅलीतली जुनी खाती असतात, श्रीलिपीत टाइप केलेल्या पत्रिका असतात, क्वचित कुणाचं अख्खं पुस्तक असतं. कधीतरी गरज पडते, मशीन सुरू केलं जातं आणि स्क्रीनवर डिस्क सापडत नसल्याचा संदेश येतो. दुकानातला पोरगा स्क्रू न उघडताच निकाल देतो, “हार्ड डिस्क गेली, फेकून द्या.” हे वाक्य ऐकून कान किटले आहेत.

गैरसमज : डिस्क दिसत नाही म्हणजे ती खराब झाली.

वस्तुस्थिती : दिसत नसलेली डिस्क आणि मेलेली डिस्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक कानांनीसुद्धा कळतो. डेटाची पट्टी केबल काढा, फक्त पॉवर द्या आणि ऐका. मोटर एकसारखी घुमत असेल आणि सुरुवातीच्या दोन-चार टकटकींनंतर आवाज शांत होत असेल, तर संशय आधी जोडणीवर घ्यायचा. टक-टक थांबतच नसेल तर मात्र आजार डिस्कचाच आहे. ताबडतोब पॉवर काढा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

जोडणीत पहिला आरोपी जंपर. २००३ च्या सुमारास साटा ही नवी जोडणी येईपर्यंत घरगुती कॉम्प्युटरमध्ये आयडीई या जोडणीचं राज्य होतं. तिच्या एका केबलवर दोन उपकरणं लावता येतात, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. कोण काय, ते डिस्कच्या मागच्या पिनांवर बसवलेली बारीक टोपी, म्हणजे जंपर, ठरवते. दोघंही मास्टर किंवा दोघंही स्लेव्ह झाले की एक दिसत नाही, किंवा दोन्ही गायब होतात. दुसऱ्या मशीनमधून काढलेला सीडी रायटर जंपर न बघता हार्ड डिस्कच्या केबलवर लावला, की ‘रायटर लावला आणि डिस्क गेली’ ही तक्रार ठरलेली.

यात वेस्टर्न डिजिटलची एक खोच आहे. त्यांच्या बऱ्याच डिस्कवर ‘केबलवर एकटी’ आणि ‘मास्टर, सोबत स्लेव्ह’ अशा दोन वेगळ्या सेटिंग असतात. डिस्क एकटी असताना दुसरी सेटिंग ठेवली, तर ती नसलेल्या सोबत्याची वाट बघत बसते. विश्वास बसत नसेल तर आयडीईचं एटीए मानक वाचा. स्लेव्हने आपली तपासणी उरकून कळवावं म्हणून मास्टरने ३१ सेकंदांपर्यंत थांबायचं, असं त्यात लिहिलं आहे. काही जुने बायोस तेवढा वेळ देत नाहीत आणि डिस्क नाहीच असं धरून पुढे जातात. जंपरचा नकाशा बहुतेक डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. तो वाचायला मिनिट लागत नाही, पण वाचतो कोण!

दुसरा आरोपी केबल. तिची लाल कडेची बाजू पहिल्या पिनकडे, म्हणजे बहुतेक डिस्कवर पॉवरच्या सॉकेटकडे, यायला हवी. उलटी बसली की डिस्क दिसत नाही. मानकानुसार लांबी १८ इंच, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटर. त्याहून लांब केबलवर चुका वाढतात. ८० तारांच्या केबलला पिना ४०च असतात. जादाच्या ४० तारा अर्थिंगच्या, एका तारेचा सिग्नल शेजारच्या तारेत मिसळू नये म्हणून. त्यांच्याशिवाय सेकंदाला ३३ मेगाबाइटच्या वरचा वेग गाठता येत नाही. या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला आणि मधलं करडं स्लेव्हला लावतात. जंपर ‘केबल सिलेक्ट’वर असेल तर २८ क्रमांकाच्या पिनवरून डिस्क आपली जागा स्वतः ओळखते. ४० तारांच्या साध्या केबलमध्ये मात्र ही सोय सहसा नसते. तिथे मास्टर-स्लेव्ह हाताने ठरवणंच बरं.

तिसऱ्या आरोपीवर कुणी संशयच घेत नाही. तो म्हणजे मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनमध्ये हा तीन व्होल्टचा सीआर२०३२ उतरलेलाच असतो. सेल उतरला की बायोस सगळं विसरतो आणि डिस्कच्या जागी ‘नन’ दाखवू शकतो. सेल बदला, बायोसमध्ये जाऊन डिस्क पुन्हा शोधायला लावा. ३८६ च्या काळातल्या मशीनला स्वयंचलित शोध बहुधा माहीतच नाही. तिथे डिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे हाताने भरावे लागतात. त्या काळच्या काही बोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली असते. ती फुटून तिचं रसायन बोर्डावरची तांब्याची वाट खात जातं. असं मशीन सुरू करण्याआधी ती बॅटरी काढून टाका.

हे तीन मुद्दे तपासायला एक संध्याकाळ पुरते. ती न देता वीस वर्षांचा हिशेब भंगारात घालणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणवत नाही.

गैरसमज : मास्टर डिस्क स्लेव्ह डिस्कला चालवते, म्हणून मास्टर नेहमी मोठी आणि वेगवान हवी.

वस्तुस्थिती : प्रत्येक आयडीई डिस्कचा कंट्रोलर तिच्याच अंगावर असतो. एकाच जिन्यावरच्या दोन बिऱ्हाडांसारखा हा मामला आहे. घर क्रमांक वेगळे, मालकी कुणाची कुणावर नाही, फक्त जिन्यावरून एका वेळी एकानेच जायचं. मानकानेही पुढे त्यांना ‘डिव्हाइस ०’ आणि ‘डिव्हाइस १’ असंच म्हटलं. सीडी ड्राइव्हच्या शेजारी हार्ड डिस्क लावली की तिचाही वेग सीडीएवढा पडतो, हीसुद्धा याच गैरसमजाची शाखा. मदरबोर्डवरच्या १९९५ च्या इंटेल पीआयआयएक्स चिपमध्ये दोघांच्या देवाणघेवाणीची वेळ (टायमिंग) एकच ठेवावी लागे, तेव्हा त्यात तथ्य होतं. १९९६ च्या पीआयआयएक्स३ पासून दोघांची वेळ वेगवेगळी ठेवता येते.

गैरसमज : यूएसबी अ‍ॅडॅप्टर लावला की कुठलीही जुनी डिस्क नव्या लॅपटॉपवर वाचता येते.

वस्तुस्थिती : यूएसबीच्या साध्या पोर्टमधून पाच व्होल्ट मिळतात. साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला बारा व्होल्टही लागतात. त्यामुळे वेगळ्या पॉवरशिवाय ती फिरणारच नाही. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कचं पाच व्होल्टवर भागतं, पण तिच्या ४४ पिना आणखी बारीक असतात. बरेच अ‍ॅडॅप्टर डिस्क मास्टरवर असेल तरच तिला ओळखतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या, फक्त सिलिंडर-हेड-सेक्टरची भाषा कळणाऱ्या डिस्क तर बहुतेक अ‍ॅडॅप्टरना वाचताच येत नाहीत. त्यांच्यासाठी जुनं मशीनच हवं.

आता सर्वांत महागात पडणारा गैरसमज.

गैरसमज : विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारतं, म्हणजे डिस्कवर काही उरलेलं नाही.

वस्तुस्थिती : जुन्या बायोसला ५२८ मेगाबाइटच्या पुढे मोजता येत नसे. ती मर्यादा ओलांडायला त्या काळी ऑनट्रॅक डिस्क मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर डिस्कच्या सुरुवातीलाच बसवलं जाई. अशी डिस्क दुसरीकडे लावली की विंडोजला ती रिकामी वाटू शकते. माहिती मात्र जागेवरच असते. उत्तर एकच, ‘नाही’. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घ्या आणि जो काही प्रयोग करायचा तो नकलेवर करा.

उरलेले गैरसमज एकेका ओळीत.

चाळीस पिना म्हणजे आयडीईच? नाही. साउंड कार्डवरचं पॅनासॉनिक सीडी ड्राइव्हचं जुनं सॉकेटही ४० पिनांचं असे, पण ते आयडीई नव्हे.

सीडीतलं गाणं ऐकू येत नाही म्हणजे ड्राइव्ह बिघडला? ड्राइव्हपासून साउंड कार्डपर्यंतची बारीक ऑडिओ केबल लावली आहे का ते बघा.

डॉसमध्ये सीडी दिसत नाही? ड्राइव्हचा ड्रायव्हर आणि एमएससीडीईएक्स (MSCDEX), दोन्ही लागतात.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की सुधारते? आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते.

झाकण उघडून धूळ पुसावी? हेड पृष्ठभागावरून केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावरून धावतं. सोलापूरच्या उन्हाळ्यातला एक कण त्याला पुरेसा आहे.

मराठी फाइल विचित्र चिन्हांत उघडते म्हणजे डिस्क सडली? जुने मराठी फाँट युनिकोडचे नव्हते. तोच फाँट टाका किंवा कन्व्हर्टर वापरा.

तेव्हा जुनं मशीन भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवण्याआधी लेबल वाचा, जंपर बघा, केबल बदला, सेल नवा टाका. एवढं करूनही डिस्क बोलली नाही, तर खुशाल म्हणा, गेली.