फेफरे कशाने येते?

जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी गाव आहे. अशा आपल्या गावांत कुणाला फेफरं आलं की माणसं धावतात. कुणी कांदा हुंगवतो. कुणी चप्पल नाकाशी धरतो. कुणी म्हणतो, "बाहेरचं झालं, देवऋषी बोलवा." पण फेफरं बाहेरून येत नाही. त्याचा उगम मेंदूत आहे. कसा, ते पाहू.

मेंदू कोट्यवधी बारीक पेशींचा बनलेला आहे. दोन पेशींमध्ये किंचित फट असते. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवायला मेंदूत काही रसायने असतात. त्यांना निरोपे म्हणू. त्यांत दोन मोठे. ग्लुटामेट सांगतो, "चल!" गाबा सांगतो, "थांब!" बैल हाकताना चाबूक लागतो आणि कासराही लागतो, तसेच हे.

कधी डोक्याला मार लागलेला असतो. कधी जन्मताना बाळ गुदमरलेले असते. कधी कारण सापडतच नाही. पण मेंदूतला कासरा ढिला पडतो. मग पुष्कळ पेशी एकदमच उधळतात. माणूस पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो.

अशा वेळी घाबरू नका. त्याला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ कापड ठेवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत थांबतो. 5 मिनिटांत थांबला नाही, तर 108 नंबरला फोन करा.

यावर औषध आहे. फेनोबार्बिटोन हे औषध 1912 सालापासून वापरात आहे. ते गाबाचा जोर वाढवते, म्हणजे कासरा आवळते. नीट औषध मिळाले तर 10 पैकी 7 जणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पण पुष्कळ जण इथेच चुकतात. सहा महिने झटका आला नाही, की म्हणतात, "आता बरं वाटतंय, गोळी कशाला?" एकदम गोळी सोडली म्हणजे कासरा हातचा सुटतो. झटके पुन्हा येतात, कधी जिवावर बेततात. गोळी कधी कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील. गोळ्या संपायच्या आधीच नव्या आणून ठेवा.

आणि फेफरं लपवू नका. फेफऱ्याच्या कारणावरून हिंदू विवाह रद्द ठरवता येई. ते कलम 1999 साली कायद्यातून काढले. फेफरं असलेली मुलगी शाळा शिकू शकते, संसार करू शकते, आई होऊ शकते. तिची गोळी मात्र रोज वेळेवर द्या.