बर्मी भाषा स्वतः शिकताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बर्मी ही म्यानमारची राजभाषा. तिचे कूळ चिनी-तिबेटी, मराठीचे इंडो-आर्य. म्हणजे दोघींत रक्ताचे नाते नाही. त्यावरून असे धरून चालतात की बीड, अंबाजोगाई किंवा परळीत राहून प्रौढ वयात ही भाषा आपली आपण शिकणे अशक्य. नात्याबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा.

पहिला धसका लिपीचा असतो. गोलगोल अक्षरे पाहून ती चिनीसारखी चित्रलिपी वाटते. प्रत्यक्षात ही लिपी देवनागरीप्रमाणेच प्राचीन ब्राह्मीतून उतरलेली आहे. व्यंजने ३३, आणि त्यांचा क्रम पहिलीतल्या मुलाला पाठ असलेलाच: क, ख, ग, घ, ङ. स्वरचिन्हे काना-वेलांटीसारखी अक्षराच्या पुढेमागे, वर-खाली लागतात. ताडपत्रावर सरळ रेघ ओढली की पान चिरते, म्हणून अक्षरे गोल झाली असे मानतात. शब्दाशेवटची दोन टिंबे तर मराठी वाचकाच्या ओळखीचा विसर्गच. फक्त तिथे ती उंच सूर दाखवतात.

दुसरा समज बौद्ध कुटुंबांत अधिक आढळतो: पाली येते, तर बर्मीही येईल. बर्मीत पाली शब्द भरपूर आहेत. ‘आचरिय’चा तिथे ‘सया’ झाला, म्हणजे शिक्षक. ‘मंगल’पासून ‘मिंगलाबा’ हा नमस्कार आला. ‘रथ’ हा शब्द ‘यठा’ बनला आणि त्याला ‘मी’, म्हणजे आग, जोडून ‘मीयठा’ तयार झाला: शब्दशः आगगाडी. बीड शहरात २०२५ साली पोचलेल्या रेल्वेला जुना मराठी शब्द जसा लागतो, तसाच हा. पण उधार शब्दांमुळे भाषा एक होत नाही. व्याकरण वेगळे आणि उच्चार तर फारच बदललेले. ‘च’च्या रांगेतली अक्षरे ‘स’सारखी वाचतात, ‘र’ बहुधा ‘य’ होतो (रंगूनचे यांगॉन झाले ते यामुळेच), आणि ‘स’ जिभेचे टोक दातांत धरून, इंग्रजी ‘थँक्यू’तल्या ‘थ’सारखा. विहारात वंदनेच्या शेवटी म्हटला जाणारा ‘साधु, साधु, साधु’ बर्मी माणसाच्या तोंडी ‘थाडु, थाडु, थाडु’ होतो. लिहिलेले आणि ऐकलेले यांच्यातली ही दरी खरी आहे. ती पाठांतरानेच भरते.

व्याकरण अवघड असेल ही भीती मात्र मराठी माणसाने सोडून द्यावी. ‘मी भात खातो’ याचे बर्मी रूप ‘च्यनॉ ठमिन सा दे’: मी, भात, खातो, त्याच क्रमाने. क्रियापद पुरुष-लिंग-वचनानुसार बदलत नाही. मराठीत बोलणारी बाई ‘खाते’ म्हणते, बर्मीत ती क्रियापद तसेच ठेवून ‘मी’साठी ‘च्यमा’ हा वेगळा शब्द वापरते. मोजताना ‘लू थोन याऊ’, म्हणजे ‘माणसे तीन जण’; ‘जण’ आणि ‘नग’ रोज बोलणाऱ्याला ही पद्धत नवी नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरीन सर्व्हिस इन्स्टिट्यूट इंग्रजी भाषकांसाठी बर्मी आणि हिंदी एकाच गटात, सुमारे ४४ आठवड्यांच्या अभ्यासाच्या, धरते. मराठी भाषकाला हिंदी किती जवळची आहे ते सांगायला नको, आणि बर्मीची वाक्यरचनाही त्याच्या सवयीची आहे.

खरी कसोटी सुरांची. ‘खा’ सपाट, खालच्या सुरात म्हटले तर हलणे. उंच, लांबवून म्हटले तर कडू असणे. आखूड, आवळलेल्या आवाजात म्हटले तर सेवेत असणे. आणि गळ्यात झटक्याने तोडले तर मारणे. मराठीत सूर बदलला तर राग कळतो, प्रश्न कळतो, पण शब्द तोच राहतो. त्यामुळे कान ही खूण टिपतच नाही. शब्दारंभीचा ‘ङ’ही असाच: ‘ङाः’ म्हणजे मासा आणि पाचसुद्धा. क-ख, प-फ हा फरक मात्र मराठी कानाला आधीपासून येतो. इंग्रजी भाषकाला तो मुद्दाम शिकावा लागतो.

वय झाले की नवी भाषा येत नाही, या समजाला उत्तर म्यानमारमधल्या मंडालेच्याच तुरुंगात आहे. लोकमान्य टिळक तिथे १९०८ ते १९१४ होते. गेले तेव्हा वय ५२. ‘गीतारहस्य’ त्यांनी तिथेच लिहिले, आणि जर्मन, फ्रेंच, पाली यांचा अभ्यास पुस्तकांवरून स्वतः केला. हेतू ग्रंथ वाचण्याचा होता, आणि त्याला पुस्तक पुरते. बोलण्याला ते पुरत नाही. बर्मीचे सूर छापील खुणांवरून उमगत नाहीत, आवाज हवा. जॉन ओकेल यांचा ‘बर्मीज बाय इअर’ हा ध्वनिफितींसह असलेला अभ्यासक्रम लंडनच्या सोआस या संस्थेने विनामूल्य दिला आहे. माध्यम इंग्रजी आहे, पण दहावीपर्यंतचे इंग्रजी पुष्कळ. रोज अर्धा तास ऐकून मोठ्याने म्हणणे, स्वतःचा आवाज मोबाइलवर टिपून मूळ आवाजाशी ताडून पाहणे, हा क्रम पाठ्यपुस्तक संपवण्याच्या घाईपेक्षा कितीतरी मोलाचा.

वर्तमानपत्रापासून सुरुवात करावी, असाही सल्ला मिळतो. तो नवशिक्याला अडचणीत आणतो, कारण लेखी आणि बोली बर्मीचे प्रत्यय निराळे. बोलताना वाक्य ‘दे’ने संपते, छापताना ‘थी’ने. आधी बोली पक्की करावी, छापील मजकूर नंतर घ्यावा. इंटरनेटवरचा जुना मजकूर कधी विस्कटलेला दिसतो, तेव्हा दोष शिकणाऱ्याचा नसतो: म्यानमारमध्ये बरीच वर्षे ‘झॉजी’ नावाचा फाँट चालत होता, १ ऑक्टोबर २०१९ पासून देश अधिकृतपणे युनिकोडकडे वळला. डीटीपीच्या जुन्या मराठी फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर जे होते, तेच इथे होते, आणि उपायही तोच: मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा.