ठरलेल्या कुस्तीतली खरी कुस्ती

आमच्या घरी केबल आली तेव्हा मी सातवीत होतो. १९९३ साल असावे. शाळेतून आलो की दप्तर कोपऱ्यात टाकायचे आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्त्या लावायच्या, हा नेम. वर्गात त्या पैलवानांच्या चित्रांचे पत्ते खेळले जात. कोणाची उंची किती, वजन किती, हे आम्हाला पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. अंडरटेकर सात वेळा मरून पुन्हा जिवंत झाला आहे, याबद्दल तर वर्गात दुमतच नव्हते.

त्या सुट्टीत मामा आमच्याकडे राहायला आले होते. मामा म्हणजे लालबागच्या तालमीत घुमलेला गडी. दिवसा गिरणीत साच्यावर, संध्याकाळी तालमीत आणि जत्रांचा हंगाम आला की रजा टाकून गावोगावच्या फडात. १९८२च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचे. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. टोपी घालायची तर डाव्या हाताने.

मी त्यांना विचारले, ‘‘मामा, ही कुस्ती खरी असते का हो?’’

मामा बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘कुस्ती ठरल्याली हाय. पर पडत्यात ते खरं. अरं, एवढ्या उंचीवरनं पडायचंबी शिकाय लागतंय.’’ आणि पुढे, ‘‘आमी वरळीला दारासिंग-किंगकाँग बघितल्यात. तवाबी लोक हेच इचारायचे.’’

दारासिंग आणि किंगकाँग यांच्या त्या लढतींना जाहिरातीत ‘फ्रीस्टाईल’ म्हणत. आजही सभागृहात किंवा नळावर हाणामारी झाली की आपली वर्तमानपत्रे ‘फ्रीस्टाईल’ असा मथळा देतात. तो शब्द तिथून आपल्याकडे आला आणि राहिला. असो. मामांच्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. कुस्ती ठरवून का करायची? खरीच का करायची नाही? या प्रश्नाचा पिच्छा मी पुढे बरीच वर्षे पुरवला. त्यात जे हाती लागले त्यातले थोडे आज सांगतो.

पहिले कारण अगदी साधे आहे. दोन तुल्यबळ पैलवान खरे लढले की कुस्ती लांबते आणि पाहणाऱ्याला कंटाळा येतो. ४ जुलै १९१६ रोजी अमेरिकेत ओमाहा इथे जो स्टेकर आणि एड लुईस हे दोन नामांकित मल्ल समोरासमोर आले. भर उन्हाळ्यात जवळजवळ पाच तास ती कुस्ती चालली आणि बरोबरीत सुटली. तिकीट काढून आलेल्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा!

त्याआधी असाच अनुभव लंडनकरांना आपल्या गामाने दिला होता. म्हणजे दोष गामाचा नव्हता. १९१० साली गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही पैलवान विलायतेला गेले. खर्च शरतकुमार मित्र या बंगाली धनिकाने उचलला होता. गामाची उंची पाच फूट सात इंच. एवढा बुटका माणूस स्पर्धेत कशाला, म्हणून त्याला घेईनात. तेव्हा गामाने उघड आव्हान दिले : अर्ध्या तासात कोणतेही तीन मल्ल चीत करून दाखवतो. अखेर ८ ऑगस्टला त्याने अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला दोनदा आसमान दाखवले. रोलर हा खराखुरा वैद्यकीय डॉक्टर होता, हे जाता जाता.

मग १० सप्टेंबरला जोड लागली ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी. हे नाव लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीचा खरा नायक, किंवा खलनायक म्हणा, तोच आहे. गामाने पहिल्याच मिनिटात त्याला खाली घेतले. पण दोन्ही खांदे टेकल्याशिवाय कुस्ती चीत होत नाही. झिबिस्कोने गादीला घोरपडीसारखी मिठी मारली आणि अडीच तासांहून अधिक काळ तो तसाच पालथा पडून राहिला. कुस्ती सुटली. पुढच्या शनिवारी, १७ तारखेला, ती पुन्हा लावायचे ठरले, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. जॉन बुल नावाचा तो मानाचा पट्टा गामाला मिळाला.

हा इमामबक्ष म्हणजे तोच, ज्याची कुस्ती १९१२ साली कोल्हापूरच्या खासबाग मैदानाच्या उद्घाटनाला झाली. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानाच्या लाल मातीत लंडन गाजवून आलेला गडी उतरला होता. आणि बडोद्याच्या संग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. १९०२ साली गामाने तो उचलला, वजन १२०० किलो, असे तिथे नमूद आहे. १२०० किलो? मला हिशेब जमत नाही. पण निम्मा धरला तरी मी हात जोडायला तयार आहे.

तर अमेरिकेकडे वळू. १९२०च्या सुमाराला तिथे एड लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँड या तिघांनी कुस्तीचा धंदा हातात घेतला. ठरवून कुस्त्या त्याआधीही होत, पण त्या बहुतेक पैजांवर पैसे कमावण्यासाठी. या तिघांनी त्याचा खेळ बांधला. वेळेची मर्यादा, उचलून आपटणे, दोरावरून बाहेर फेकणे, आणि निकाल आधी ठरलेला. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखा पैलवानांचा ताफाच त्यांनी गावोगाव फिरवला. लोक तुडुंब गर्दी करू लागले.

मात्र इथे एक मोठी गोम आहे. निकाल ठरलेला असतो तो दोघांच्या शब्दावर. एकाने ऐन वेळी शब्द फिरवला तर? रिंगणात हजारो लोकांसमोर काय करणार? म्हणून पट्टा अशाच गड्याच्या कमरेला ठेवत, ज्याला खरोखर कोणी पाडू शकणार नाही. लुईस तसा होता. शिवाय विजेत्याच्या आसपास एखादा खरा कसलेला मल्ल बाळगत. भरवशाचा नसेल असा प्रतिस्पर्धी आधी त्याच्या अंगावर घालायचा. या पहारेकऱ्याला त्या धंद्यात ‘पोलीस’ म्हणत.

हे सगळे माहीत असूनही त्यांना मोह झाला. वेन मुन नावाचा नेब्रास्काचा फुटबॉल खेळाडू होता. देखणा, धिप्पाड, सहा फुटांहून बराच उंच. कुस्ती मात्र त्याला येत नव्हती. पण गर्दी खेचेल म्हणून ८ जानेवारी १९२५ रोजी कॅन्सस सिटीत लुईसने त्याच्याकडून हार पत्करली आणि पट्टा मुनकडे गेला. आता त्याला लहानसहान विजय मिळवून द्यायचे होते. त्यासाठी विश्वासातला एक म्हातारा पैलवान निवडला. वय पंचेचाळिशीच्या आसपास, मान रेड्यासारखी, डोक्याचा तुळतुळीत गोटा. तोच आपला झिबिस्को.

१५ एप्रिल १९२५. फिलाडेल्फिया. ठरले होते असे, की झिबिस्कोने पडायचे. पण स्टेकरच्या गटाने त्याला आतून फोडले होते. सुरुवात होताच झिबिस्कोने मुनला खाली घेतले आणि खांदे टेकवले. पंचाने दुर्लक्ष केले. पुन्हा टेकवले. पंच पुन्हा आंधळा. असे इतक्या वेळा झाले, की प्रेक्षकांच्या नजरेला पडलेले पंचाला नाकारता येईना. लंडनला अडीच तास पालथा पडून राहणाऱ्या या माणसाने पंधरा वर्षांनी जगाचा पट्टा खरी कुस्ती करून पळवला, तोही खोट्या कुस्तीत!

गंमत पुढे आहे. सँडो आणि लुईस यांना तक्रार करता येईना. काय म्हणणार? ‘आमचे ठरले होते,’ असे? ते बोलले असते तर आजवरची सगळी दुकानदारी उघडी पडली असती. ३० मे रोजी सेंट लुईसमध्ये झिबिस्कोने ठरल्याप्रमाणे स्टेकरपुढे हार खाऊन पट्टा त्याच्या स्वाधीन केला. त्याच दिवशी दुसऱ्या गावी लुईसने मुनला ‘हरवून’ आपणच जगज्जेता असल्याचे जाहीर केले. म्हणजे एका दिवसात दोन जगज्जेते. त्या धंद्यात पट्टे इतके का झाले, याचे मूळ अशा भांडणांत आहे.

झिबिस्को १९२८च्या जानेवारीत हिंदुस्थानात आला. पतियाळाच्या महाराजांनी पुन्हा गामाशी त्याची जोड लावली होती. या वेळी आखाडा मातीचा, पालथे पडून राहायला गादी नाही. गामाही पन्नाशीला टेकलेला. मिनिटभराच्या आत कुस्ती चीत. आणि १९५० साली ‘नाइट अँड द सिटी’ नावाच्या चित्रपटात झिबिस्कोने काम केले. भूमिका कोणती? दिखाऊ कुस्तीचा तिरस्कार करणाऱ्या वृद्ध, सच्च्या मल्लाची! काम त्याने झकास केले आहे. मिळाला तर जरूर पाहा.

खोटेपणा झाकायचा हा धर्म तिकडे कडकपणे पाळला जाई. त्याला ‘केफेब’ असा सांकेतिक शब्द आहे. रिंगणातले वैरी बाहेर एकत्र चहासुद्धा प्यायचे नाहीत. मे १९८७ मध्ये न्यूजर्सीच्या रस्त्यावर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत मादक पदार्थ सापडले आणि दोन पैलवानही : अमेरिकेचा झेंडा मिरवणारा जिम डगन आणि इराणचा झेंडा मिरवणारा आयर्न शेख. दोघे तेव्हा एकमेकांचे हाडवैरी म्हणून रोज गर्दी खेचत होते. दोघांचीही नोकरी गेली. धंद्यातल्या जाणत्यांच्या मते मादक पदार्थांपेक्षा एका गाडीत बसण्याचा गुन्हा मोठा होता.

आणि दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफनेच न्यूजर्सीच्या कायदेमंडळापुढे सांगून टाकले, की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. का? तर खेळ म्हटले की क्रीडा आयोगाची देखरेख आली, परवाने आले, कर आला. साठ-सत्तर वर्षे प्राणापलीकडे जपलेले गुपित करापायी बाहेर पडले. पुढे २००२ साली त्यांना नावही बदलावे लागले, कारण त्याच आद्याक्षरांवर वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या, पांडाचे चित्र लावणाऱ्या संस्थेचा हक्क होता. साडेतीन-साडेतीनशे पौंडांचे पैलवान एका पांडापुढे हरले, ते मात्र ठरवून नव्हे.

गामाच्या घराण्याची गोष्ट अजून राहिली. १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीत इमामबक्षचा मुलगा अक्रम आणि जपानचा अँटोनिओ इनोकी यांची लढत झाली. याच इनोकीने जूनमध्ये मुहम्मद अलीसमोर पंधरा फेऱ्या बहुतेक उताण्याने पडून, लाथा मारत काढल्या होत्या. प्रेक्षक अशा वेळी काय म्हणतात ते लंडन असो की टोकियो, सारखेच असते. कराचीची लढत मात्र खरी झाली. इनोकीने हात असा पिळला, की अक्रमला तो कायमचा आठवावा. १९७९ साली त्याच घराण्यातला एकोणीस वर्षांचा झारा लाहोरला इनोकीपुढे उभा राहिला. पाच फेऱ्यांनंतर इनोकीने स्वतःच त्या पोराचा हात धरून वर उचलला. झारा १९९१ साली ऐन तारुण्यात गेला. पुढे २०१४ साली इनोकीने झाऱ्याच्या पुतण्याला शिकवण्यासाठी जपानला नेले.

मुनची गोष्ट मी काही वर्षांपूर्वी मामांना सांगितली. ते अंथरुणाला खिळले होते. ऐकता ऐकता उठून बसले. मग जे सांगितले ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्हाला एवढेच माहीत होते, की एका जत्रेत मामांचा खांदा निखळला आणि कुस्ती सुटली.

‘‘आमचं ठरलं हुतं,’’ मामा म्हणाले. ‘‘अर्धा तास खडाखडी करायची, मग पंच बरोबरीत सोडवणार. इनाम निम्मं निम्मं. तुझ्या आईच्या लग्नाचं देणं हुतं डोक्यावर. मी हात ढिलाच ठेवला. त्यानं सलामीलाच ढाक लावली.’’

‘‘मग तुम्ही कोणाला काहीच बोलला नाहीत?’’

‘‘काय बोलू? वस्तादांना काय सांगू, की ठरवून आलो हुतो म्हणून?’’

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘‘त्या मुनचं फुडं काय झालं रं?’’

मी म्हणालो, ‘‘१९३१ साली गेला. चाळिशीसुद्धा गाठली नाही.’’

मामा काही बोलले नाहीत. डाव्या हाताने उशाची टोपी शोधली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, ‘‘जरा टीव्ही लाव. आज हायत का त्यांच्या कुस्त्या?’’